रामटेकची सायकल

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, दोनशे झाले!"

मला आधी वाटलं, शुगर वाढली की काय हिची! मग कळलं, ती आणि तिचा नवरा ब्रेव्हेला गेले होते. ब्रेव्हे म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे. ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करायची. आणि यात पहिला-दुसरा नंबर नसतो म्हणे. वेळेत पोचले ते सगळे सारखेच. आयुष्यभर मुलांचे नंबर काढण्यात गेलं माझं, त्यामुळे हे फार आवडलं.

"दोघं बरोबरच पोचलात का गं?"

"छे, तो दोन तास आधी. मीच सांगितलं त्याला, माझ्यासाठी थांबू नकोस. कुणी वाट बघतंय म्हटलं की मला चालवताच येत नाही."

फोन ठेवला आणि मला १९७९ चा डिसेंबर आठवला. आमची रामटेकची सायकल.

तेव्हा आम्ही महालात राहत होतो. शाळेच्या पतपेढीतून कर्ज काढून मी नवी लेडीज सायकल घेतली होती. ह्यांची जुनी, मोठी, दांड्याची. एका शनिवारी रात्री हे म्हणाले, "उद्या रामटेकला जायचं का? सायकलने?" महालातून रामटेक म्हणजे जवळजवळ ५० किलोमीटर. मी हो म्हटलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "कामून बाप्पा, एसट्या बंद झाल्या का?" पण लेकाला सांभाळायला त्याच राहिल्या, हेही सांगायला हवं.

पहाटे पाचला निघालो. कॅरियरला पोळ्या नि झुणक्याचा डबा, ह्यांच्याकडे पंप आणि पंक्चरचं सामान. इंदोऱ्यापर्यंत अंधारच होता. थंडी अशी की हँडलवरची बोटं आपली वाटेनात. कामठीत चहा घेतला तेव्हा कुठे जीवात जीव आला.

हे पुढे जायचे. मुद्दाम नाही, पाय लांब आणि सायकल उंच. मग दीड-दोन किलोमीटरवर एखाद्या झाडाखाली थांबलेले दिसायचे. मी धापा टाकत पोचले की "आलीस? चल" म्हणायचे आणि लगेच पायडलवर पाय. असं दोनदा झालं. कन्हानचा पूल ओलांडल्यावर तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी सायकल स्टँडवर लावली आणि रस्त्याच्या कडेला बसले.

"काय झालं? पंक्चर?"

"तुम्ही माझ्यासाठी थांबता, म्हणजे तुमची विश्रांती होते. मी आले की तुम्ही निघता. मग माझी विश्रांती कधी?"

लग्नाला पाच वर्षं झाली होती. इतकं स्पष्ट मी त्यांना पहिल्यांदाच बोलले असेन. मला वाटलं, आता चिडतील, अर्ध्यातून परत फिरू. हे बराच वेळ नदीकडे बघत उभे राहिले. मग माझ्या शेजारी येऊन बसले, डब्यातली एक पोळी मला दिली, एक स्वतः घेतली. उठताना म्हणाले, "तू पुढे हो."

पुढचा सगळा रस्ता मी पुढे आणि हे मागे. मनसरच्या फाट्याला उजवीकडे वळलो आणि गड दिसायला लागला. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं आपण वर्गात शिकवतो. यक्ष बिचारा तिथे एकटा होता. आम्ही दोघं होतो. अंबाळा तलावाच्या काठी बसून शिंगाडे खाल्ले. परतताना पायांत गोळे आले, घरी पोचायला रात्र झाली. पण त्या दिवसाबद्दल मी कधीही तक्रार केलेली नाही.

खूप नंतर मी वर्कमन दांपत्याविषयी वाचलं. फॅनी आणि विल्यम वर्कमन, अमेरिकन. १८९७ ते १८९९ या काळात त्यांनी सायकलींवरून हिंदुस्थान पालथा घातला, तेही त्या काळच्या रस्त्यांवर! १९०४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच 'चौदा हजार मैल' आहेत, आणि लेखक म्हणून दोघांचीही नावं आहेत. तो डॉक्टर, प्रकृतीमुळे लवकर निवृत्त झालेला. ती बारा वर्षांनी लहान. १९१२ साली सियाचेन हिमनदीवर 'स्त्रियांना मताधिकार' असं लिहिलेला कागद हातात धरून तिने फोटो काढून घेतला होता. बाई भेटली असती तर मी एकच विचारलं असतं : अहो बाई, झाडाखाली वाट कोण बघायचं हो?

हे सगळं आज लिहायचं कारण निराळंच आहे.

चार वर्षांपूर्वी ह्यांना पार्किन्सनचं निदान झालं. सायकल तर केव्हाच सुटली होती, आता चालणंही लहान-लहान पावलांचं झालंय. रोज संध्याकाळी आम्ही घराजवळच्या बागेत जातो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. आता मीच पुढे जाते. मुद्दाम नाही, पाय आपोआप जातात. मग बाकावर बसून वाट बघते. हे आले की म्हणते, "चला, अंधार पडतोय."

गेल्या आठवड्यात असंच झालं. मी उठले. हे उठले नाहीत. हलकेच बाकावर टेकले, थरथरता हात दुसऱ्या हाताने धरला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कन्हान आठवतं का?"

मला एकदम रडूच आलं. त्यांना कधीपासून हे जाणवत होतं, कुणास ठाऊक. मी सेहेचाळीस वर्षांपूर्वी बोलून मोकळी झाले होते. ह्यांनी इतके महिने काही म्हटलं नाही. खरं तर मला अंधाराची घाई नसतेच. त्या लहान पावलांकडे बघायचा धीर होत नाही, म्हणून मी पुढे जाते. हे मी कुणाशी बोलले नव्हते, ह्यांच्याशीही नाही. आज इथे लिहितेय.

आता मी मागून चालते. अवघड जातं. हळू चालणं इतकं कठीण असेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी कन्हानपासून रामटेकपर्यंत आपली मोठी सायकल माझ्या मागे रेटताना ह्यांना काय झालं असेल, ते आत्ता कळतंय.

भाचीला यातलं काही फोनवर सांगितलं नाही. तिला कुणी थांबलेलं नको असतं, आणि तेही बरोबरच आहे. पण ती हे वाचते, म्हणून एक काम सांगून ठेवते. येत्या डिसेंबरात एखाद्या रविवारी आम्हा दोघांना गाडीने रामटेकला ने. गडावरच्या पायऱ्या जमतील असं वाटत नाही. अंबाळ्याच्या काठी बसू. आणि जाताना कन्हानचा पूल ओलांडला की पाच मिनिटं गाडी थांबव. पोळ्यांचा डबा मी घेईन.