ल्याँचे चोर आणि व्हेनिसचे खिळे

आल्दो मानुत्सिओने १५०१ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या व्हर्जिलचं एक पान स्क्रीनवर मोठं करून बघत होतो. कविता राहिली बाजूला. नजर अडली ओळींच्या पहिल्या अक्षरांवर. बाकीची अक्षरं अंग चोरून, किंचित पुढे झुकून चाललेली आणि ओळीच्या तोंडाशी कॅपिटल मात्र थोडं अंतर राखून ताठ उभं. अख्खं इटॅलिकमध्ये छापलेलं हे पहिलं पुस्तक. त्यात झुकायचं ते फक्त लहान अक्षरांनी. आजच्या नीटनेटक्या इटॅलिकपेक्षा मला ही सरमिसळ आवडते.

हा टाइप घडवला फ्रांचेस्को ग्रिफोने. नमुना होता विद्वानांच्या भरभर लिहिलेल्या हस्ताक्षराचा. रुंद टोकाची लेखणी वेगात चालली की अक्षर अरुंद होतं, दांड्यांच्या टोकांना बारीक शेपट्या फुटतात. त्या शेपट्या ग्रिफोने पोलादात कोरल्या. लोकांना तिरपेपणा दिसतो. खरा गुण अरुंदपणाचा. व्हर्जिलची लांबलचक ओळ न मोडता हातात मावणाऱ्या पानावर बसली, ती त्याच्यामुळेच.

पुस्तक खपलं आणि ल्याँच्या छापखान्यांनी लगोलग नकला काढल्या. व्हेनिसच्या सिनेटने १५०२ मध्ये आल्दोला या अक्षराचा मक्ता दिला खरा, पण व्हेनिसचा हुकूम फ्रान्समध्ये कोण ऐकतो! १५०३ च्या मार्चमध्ये आल्दोने जाहीर पत्रकच काढलं. नकली प्रत कशी ओळखायची? कागद निकृष्ट, त्याला एक वास. छापणाऱ्याचं नाव नाही, नांगराला वेढलेल्या डॉल्फिनचं चिन्ह नाही. कॅपिटल बेढब. आणि स्वर व्यंजनांना जोडलेले नाहीत, सुटे पडलेत! या शेवटच्या तक्रारीवर मी बेहद्द खूश आहे. गल्ल्यावर डल्ला पडलाय आणि हा गृहस्थ अक्षरांचे सांधे तपासतोय. पुढे त्याने नकलांमधल्या चुकांची यादीही दिली. ल्याँकरांनी यादी समोर ठेवली, चुका दुरुस्त केल्या, छपाई चालू ठेवली. फुकटचा मुद्रितशोधक!

मक्ता आल्दोचा, ग्रिफोच्या हाती काय? तो व्हेनिस सोडून गेला. फानोच्या सोन्चिनो या मुद्रकाने मात्र १५०३ मध्येच पेत्रार्काच्या आवृत्तीत या अक्षराचं श्रेय ग्रिफोला देऊन टाकलं.

आता इटॅलिक उरलंय पुस्तकांच्या नावांपुरतं, परक्या शब्दांपुरतं, जोर देण्यापुरतं. आणि मराठीत? संगणकाचं तेच बटण आपण देवनागरीवरही दाबतो. पण देवनागरीचा बोरू मुळात रोमन लेखणीच्या उलट बाजूने तासलेला. त्या बटणामागे कोणाचंही हस्ताक्षर नाही. नुसता काना कलंडतो, वेलांटी ओढली जाते. संपादकहो, शब्दावर जोर द्यायचा असेल तर ठळक टाइप आहे, अवतरणचिन्हं आहेत. देवनागरी सरळ उभी राहू द्या.