घर पेटतं ते धुऱ्यावरून

शिमगा जवळ आला की आमच्याकडे डोंगर पेटतो. कोरपन्याहून माणिकगडच्या रांगेकडे निघालं की पायथ्याशी आमचं गाव लागतं. गावाच्या एका अंगाला कापसाची शेतं, दुसऱ्या अंगाला कोलामगुडा, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, आणि त्याच्या मागे सागाचं जंगल. फाल्गुनात सागाची सुपाएवढी पानं गळून पडतात. खाली कुसळी कडकडीत वाळलेली असते. त्यात कुठे विडी पडली, कुणी मुद्दाम काडी लावली, की रात्रभर डोंगरावर आगीची ओळ चढताना दिसते. नवा माणूस ते पाहून झोपत नाही. गावातली म्हातारी माणसं म्हणतात, "तो त दरसालच जळते. जळू दे."

जंगलाच्या दृष्टीने हे बोलणं मला कधीच पटलं नाही. त्या आगीत सागाची, बांबूची कोवळी रोपं जातात, जमिनीवर अंडी घालणारी पाखरं जातात. पण गावापुरतं बोलायचं तर त्या म्हाताऱ्यांना एक गोष्ट नीट माहीत होती. डोंगरावरची आग बहुधा गुडघ्याएवढीच असते, पाचोळा खात पुढे सरकते. दुपारचा वारा चढणीचा, म्हणून ती वर पळते, खाली यायला तिला वेळ लागतो. आमच्या गावातली घरं जळाली ती डोंगरावरून उतरलेल्या आगीने नव्हे. ती जळाली धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, आगीने.

मी अंगणवाडी सेविका आहे. पोरांची वजनं, गरोदर बायांची चौकशी, पोषण आहार, या निमित्ताने गावातल्या प्रत्येक घराची चूल, वळचण आणि सांदवाडी मी पाहिलेली आहे. म्हणूनच त्या दिवशी काय आणि कसं पेटलं हे मला नेमकं सांगता येतं.

चैत्राची भर दुपार होती. पराटी, म्हणजे कापसाची वाळली झाडं, उपटून झालेली, उन्हाळवाही सुरू व्हायची होती. या दिवसांत लोक धुऱ्यावरचं वाळलं गवत पेटवून देतात, शेत साफ होतं म्हणून. तशीच एका धुऱ्याला आग लागली. पश्चिमेचा वारा सुटला आणि आग धुरा सोडून पडीत वावरात शिरली. मी खिचडीचं गंज उतरवून बाहेर आले तेव्हा धूर गावाच्या कडेला पोचला होता. पोरांना मदतनीसबाईंबरोबर शाळेच्या पटांगणात पाठवलं आणि मी तिकडे धावले. तोवर एका कोठ्याला लागून रचलेल्या पराटीच्या ढिगाने पेट घेतला होता. वाळलेली पराटी पेटली की तिच्याजवळ उभं राहता येत नाही. कोठ्यात जनावरं बांधलेली. एकाने कोयत्याने दावी कापली म्हणून बैल सुटले, पण आतल्या कोपऱ्यातली दोन बकरी राहिली ती राहिलीच. गडचांदूरकडून बंब आला तेव्हा विझवायला फक्त राख होती.

दुसऱ्या दिवशी तलाठ्यांबरोबर पंचनाम्याला फिरताना मी जे पाहिलं त्याने माझी समजूतच बदलली. वावराच्या अगदी तोंडावर, आगीच्या वाटेत पहिलं घर होतं एका एकट्या म्हातारीचं. कुडाच्या भिंती, वर कवेलू. ते घर जसंच्या तसं उभं होतं. तिच्या अंगणात काडी नव्हती, रोज सडासारवण होई. आग अंगणाच्या कडेला येऊन थांबलेली दिसत होती, काळ्या आणि शेणाच्या रंगामध्ये सरळ रेघ पडली होती. तिच्या मागचं, आगीपासून लांबचं, स्लॅबचं पक्कं घरकुल मात्र आतून जळालं होतं. कारण दारापुढे पळसाच्या डहाळ्यांचा आणि पराटीचा मांडव होता. उडत आलेल्या ठिणग्या मांडवावर पडल्या, मांडव दारावर आला, दारातून आग आत गेली. त्याच्याही पलीकडच्या घरात ठिणगी कवेलूंच्या खाली, वळचणीत साठलेल्या पाचोळ्यात आणि चिमण्यांच्या घरट्यात शिरली होती. ज्वाळा त्या घरापर्यंत पोचलीच नव्हती.

पुढे याच विषयावर वाचताना अमेरिकेच्या वन खात्यात काम केलेले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांचं काम समजलं. त्यांनी कॅनडातल्या जंगलात लाकडी भिंती उभ्या करून समोरचं जंगल पेटवून पाहिलं. आगीपासून दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, तीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत. त्यांचं सांगणं असं की घर वाचणार की जळणार हे घर स्वतः आणि त्याच्याभोवतीचा तेवढाच पट्टा ठरवतो. 2018 साली कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव जळालं, त्या आगीत 85 माणसं गेली आणि 18 हजारांहून जास्त इमारती नष्ट झाल्या. तिथल्या फोटोंत घराची राख झालेली आणि शेजारचं झाड हिरवंगार, असं दृश्य जागोजागी दिसतं. ते फोटो पाहताना मला आमचं घरकुल आठवत होतं. तिथली घरं लाकडाची, आमची मातीची आणि विटांची. पण ठिणगीला बसायला दोन्हीकडे जागा सारखीच मिळाली.

वन खात्याच्या लेखी आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्याआधी खातं जंगलात जाळरेषा काढतं, आगीवर नजर ठेवायला मजूर नेमतं. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेश वनरक्षकांच्या फोनवर येतात. जंगलासाठी ही सोय मोलाची आहे. पण उपग्रह आपल्या ठरल्या वेळी वरून जातो, आणि वाऱ्यावर आलेली धुऱ्याची आग कोठ्यापर्यंत यायला अर्धा तासही घेत नाही. म्हणून गावाचं काम गावालाच करायचं होतं, आणि हंगामाच्या आधी करायचं होतं. 26 जानेवारीची ग्रामसभा त्यासाठी अगदी योग्य वेळी येते. मी तिथे विषय मांडला.

खरी अडचण पराटीची निघाली. मी म्हटलं, ढीग घरापासून, कोठ्यापासून तीस पावलं लांब रचा. बाया उसळल्या. "बाई, पावसात तीस पावलं कोण जाईल? अन् रातच्याला सरपण चोरून नेलं तं?" त्यांचं चूक नव्हतं. उज्ज्वलाची शेगडी बहुतेक घरांत आहे, पण टाकी भरायला पैसे लागतात आणि पराटी फुकट असते. शिवाय ढिगात विंचू, साप निघतात, अंधारात लांब जायची भीती असते. पुष्कळ बोलणं झाल्यावर बायांनीच तोड काढली. फाल्गुन ते मृग एवढेच दिवस ढीग लांब राहील, चुलीजवळ दोन दिवसांचं सरपण ठेवायचं, आणि पाऊस लागला की ढीग परत घराशी आणायचा. चोरीची धास्ती होती म्हणून तीन-चार घरांनी आपापले ढीग एकाच मोकळ्या जागेत, मधे अंतर सोडून रचले. हा तोडगा मला सुचला नसता.

गावाच्या कडेने वखराच्या पाळ्या देऊन उघड्या मातीचा पट्टा काढला. त्यात कुणाचं वावर आधी, कुणाचं नंतर यावरून कुरबूर झाली, पण उन्हाळवाही करायचीच होती, ती कडेपासून सुरू केली एवढंच. तरुण पोरांनी कवेलूंवरचा आणि वळचणीतला पाचोळा काढला. मांडव काढायला कुणी तयार होईना, आणि मीही जोर केला नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या लेकरांना त्याच सावलीचा आधार असतो. मांडव दारापासून सुटा ठेवायचा आणि त्यावर पराटी न टाकता ओल्या डहाळ्या टाकत राहायच्या, इतकं ठरलं. डहाळ्या चार दिवसांत वाळतात, त्यामुळे हा उपाय अर्धाच आहे. कोठ्याच्या खांबाला मात्र आता घरोघरी विळा खोचलेला असतो, दावी कापायला.

मला सगळ्यांत आवडलेली युक्ती फवारणीच्या पंपाची. कापसाच्या गावात पाठीवरचा पंप प्रत्येक घरी असतो, पंधरा-सोळा लिटरचा. उन्हाळ्यात तो कोपऱ्यात पडून असतो. एका पोराने तो साबणाने, सोड्याने नीट धुऊन पाण्याने भरून ठेवला. आमच्याकडे एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात, बादल्यांनी पाणी ओतणं परवडत नाही. छपरावर चढून ठिणगीवर नेमकी धार मारायला पंपासारखं साधन नाही. दोन वर्षांनी पुन्हा धुऱ्यावरून आग आली तेव्हा दोघं पंप घेऊन कवेलूंवर चढले होते, खाली बाया ओली बारदानं घेऊन उभ्या होत्या. एका कडब्याच्या गंजीवर निभावलं. ती गंजी ज्याची होती त्याच्यासाठी ते थोडं नव्हतं. जनावरांची वैरण गेली, आणि आम्ही घरटी पेंढ्या गोळा करून दिल्या.

मोहाबद्दल बोलायलाच हवं, कारण वणव्याचा सगळा दोष मोहफूल वेचणाऱ्या बायांवर टाकायची सवय लागलेली आहे. मोहाचं फूल पहाटे गळतं. पाचोळ्यात ते दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि तिथून आग निसटते हे खरं. पण मार्चमध्ये त्या बाईच्या हाती दुसरा रोख पैसा नसतो, हेही तितकंच खरं. कोलामगुड्यातल्या एका आजीबरोबर मी पहाटे गेले होते. तिने फड्याने झाडाखाली गोल जागा झाडली, पाचोळा मधोमध ओढला, भोवती हातभर रुंद माती उघडी केली आणि मगच काडी लावली. दंव होतं, वारा नव्हता. राख होईपर्यंत ती तिथून हलली नाही, वरून माती लोटली तेव्हाच टोपली उचलली. काहीजणी आता झाडाखाली जुनी लुगडी नाहीतर जाळी अंथरतात, त्यांना जाळावंच लागत नाही. अशी जाळी गुड्यातल्या प्रत्येक घराला मिळावी, असं माझं मागणं आहे. पोलीस केसच्या धाकापेक्षा त्याने जास्त जंगल वाचेल.

धुऱ्याचं मात्र अजून पुरतं जमलेलं नाही. पेटवायचा तर पहाटे, शेजाऱ्याला सांगून, सोबत दोन माणसं घेऊन, असा ठराव आहे. गावातले लोक पाळतात. बाहेरगावी राहणारे आणि ठेक्याने शेती करणारे पाळत नाहीत, आणि लग्नसराईत तर गाव अर्धं रिकामं असतं, पाहायला माणूस नसतो. येत्या ग्रामसभेत मी दोन गोष्टी मागणार आहे. ठेक्याच्या बोलणीतच धुऱ्याची अट घालावी, आणि ज्या दिवशी गावात लग्न असेल त्या दिवशी दुपारी पंप भरून दोन माणसं गावाच्या पश्चिमेच्या कडेला बसावीत. त्यांचं जेवण मांडवातून तिथे पोचतं करायची जबाबदारी आमच्या बचत गटाने आधीच घेतली आहे.