घास उतरेना

12 नोव्हेंबर 2024
कार्तिकी एकादशी. जिजीचा उपवास, म्हणून घरात सगळ्यांनाच साबुदाण्याची खिचडी. तूप होतं, दाणे मऊ होते. चावून झालं आणि पुढे काय करायचं तेच सुचेना. घास तोंडात फिरत राहिला. शेवटी पाण्याबरोबर ढकलला.

13 नोव्हेंबर
पुन्हा तेच. कळणाची भाकरी ताटात तशीच.

14 नोव्हेंबर
शाळेत चव घ्यायची पाळी माझी. पोषण आहार मुलांना वाढायच्या आधी शिक्षकाने खायचा, मग चव रजिस्टरवर सही. मावशींनी वाटीत खिचडी दिली आणि समोर उभ्या राहिल्या. "कशी झाली गुरुजी?" मी मान डोलावली. घास जिभेवरच. त्या पातेल्याकडे वळल्या तेव्हा पाण्याचा घोट घेतला. सही केली.
मुलं पंगतीत बसली. बोलतात, ढकलाढकली करतात, हसतात आणि खातात. गिळण्याकडे एकाचंही लक्ष नाही. मी मात्र प्रत्येकाच्या गळ्याकडे बघत होतो.

17 नोव्हेंबर
रविवार. आरशासमोर बसलो. कंठावर बोट ठेवून आवंढा गिळला. कंठ वर सरकतो, किंचित पुढे येतो, खाली बसतो. परत गिळला. परत. तीन-चार झाले आणि मग हलेचना. गळा जागच्या जागी. जोर केला, तरी नाही. कानशिलं तापली, घाम फुटला. ही दार वाजवत होती.

20 नोव्हेंबर
मतदान. अक्राणीत एका पाड्यावर ड्युटी. थंडी कडक. पहाटे मॉक पोल, सात वाजता रांग सुरू. बायका लेकरं पाठीशी बांधून डोंगर उतरून आल्या होत्या. दुपारी एका यंत्राची बॅटरी, एका आजोबांचं ओळखपत्र, एजंटांची कुरबूर. संध्याकाळी सील लावताना टेबलाखाली पोह्यांचा कागद दिसला. माझाच. चाटून पुसून संपवलेला. कधी खाल्ले, आठवत नाही.
आठवायला लागलो. तेवढ्यात कोणी चहा दिला. पहिला घोट घशाशीच थांबला.

25 नोव्हेंबर
शहाद्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. नाकातून बारीक दुर्बीण घातली. सगळं स्वच्छ. मी आरशाचं सांगितलं, पुन्हा पुन्हा गिळून अडकतं ते. ते हसले नाहीत. म्हणाले, "तोंडातली लाळ संपली की कुणाचंही अडकतं. घशाला काही लागल्याशिवाय पुढची हालचाल सुरूच होत नाही. बघा." स्वतः खुर्चीत सरळ बसले, गिळत गेले. त्यांचंही थांबलं. बाहेर पेशंटांची गर्दी होती तरी एवढा वेळ दिला.

28 नोव्हेंबर
जिजीने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. नजर असली तर ठसका उठत नाही म्हणतात. सगळ्यांना उठला. मलाही. जिजी हिरमुसली. "तुले काय व्हयनं रे भाऊ?" एवढंच म्हणाली.

2 डिसेंबर
धुळे. एंडोस्कोपी. अन्ननलिका पार जठरापर्यंत पाहिली. गाठ नाही, अरुंद नाही, सूज नाही. हिने पदर डोळ्यांना लावला. बसस्टँडवर शेवेचं पाकीट घेतलं, तिनेच खाल्लं.
कॅन्सर नाही. मग काय आहे?

3 डिसेंबर
रात्री वाचत बसलो. तोंडातलं काम आपल्या हातचं: चावणं, गोळा करणं, जिभेने मागे सारणं. त्यापुढे आपलं काही चालत नाही. टाळू वर उचलली जाते, श्वास थांबतो, श्वासनळी मिटते, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. सगळं सेकंदाभरात. हुकूम मेंदूच्या देठातून. मग पंचवीसेक सेंटिमीटरची नळी घास स्वतःच खाली नेते. पोटातलं बाळसुद्धा गर्भजल गिळतं.
हे कळून मला अधिक भीती वाटते. आता टाळूही आठवते, श्वासही.

8 डिसेंबर
प्रकाशाला जाऊन आलो. तापी-गोमाईच्या संगमावर. आबा गेले तेव्हा पाणी पायरीवर होतं, आता बरंच खाली. आचमन केलं. पळीभर पाणी उतरलं.

11 डिसेंबर
पट्ट्याला नवीन भोक पाडलं. मोरेवाडीच्या लग्नाला गेलो नाही, पोट बिघडलंय सांगितलं. पंगतीत आग्रह होतो.

15 डिसेंबर
सारंगखेड्याची यात्रा. एकमुखी दत्ताचं दर्शन, मग घोडेबाजार. पोरगा एका पांढऱ्या घोड्यापाशी खिळून राहिला. लगामाला गोंडे, कपाळावर आरसे. किंमत ऐकून परत परत विचारत होता. जिलेबी घेतली. मी तुकडा मोडला, मान खाली केली, हनुवटी छातीकडे, डोळे मिटले.
"पप्पा, तुम्ही आबांसारखं का खाता?"
ही त्याच्यावर ओरडली. मी जिलेबी हातात धरून तसाच उभा.

16 डिसेंबर
ही वही उलटी केली. मागची पानं आबांची. माझंच अक्षर.
"सकाळी वरणाचं पाणी, दाट करून. ठसका नाही."
"दुपारी पपई कुस्करून. ठसका दोनदा. थांबवलं."
"रात्री घेतलं नाही. तोंड मिटून घेतात."
"आवाज ओला येतोय. डॉक्टरांना फोन."
चैत्र ते श्रावण. लकव्यात घातलेली नाकातली नळी निघाली तेव्हापासून. मी उशाशी बसायचो, चमचा ओठांपाशी, नजर त्यांच्या कंठावर. कंठ वर गेला की पुढचा चमचा. नाही गेला की माझाच आवंढा जायचा, जणू त्यांच्या वतीने. शाळेतून आलो की हेच. जिजी म्हणायची, आधी तू जेव. आबांचं झाल्यावर गार भात उभ्यानेच खायचो.
शेवटच्या आठवड्यात कंठ वर जाईना. पानं तिथे संपतात.

18 डिसेंबर
आबांना गिळायचे व्यायाम शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्ट बाईंना फोन केला. त्या ओळखून होत्या. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सर, आबांच्या मेंदूतली वाट बिघडली होती, म्हणून लक्ष देऊन गिळायला शिकवलं. तुमची वाट शाबूत आहे. तीच रीत तुम्ही तुमच्यावर चालवताय." कंठावर बोट नको. आरसा नको. घासाघासाला पाणी नको. एकट्याने जेवायचं नाही. आधी पपई, मग खिचडी, भात, शेवटी भाकरी. मन फार घेरलं तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, त्यात कमीपणा नाही.
तारीख घेतली. धुळ्याची.

23 डिसेंबर
मानसोपचाराच्या डॉक्टरांनी पांढऱ्या अस्वलाचं सांगितलं. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1987 साली लोकांना पाच मिनिटं पांढरं अस्वल मनात आणू नका म्हटलं. ते येतच राहिलं. तेव्हा "गिळण्याचा विचार करू नका" असं ते मला सांगणार नाहीत. विचार आला तर येऊ द्या, घास थांबवू नका. एक गोळी दिली, रात्रीची. गोळी! केळ्यात घालून घेतली.

24 डिसेंबर
पाचवीच्या वर्गात अस्वल सांगून पाहिलं. पोरं हसून लोळली. एक म्हणाला, "गुरुजी, माझ्याकडे तर ते बसलंच."

27 डिसेंबर
पपई बरी. आमच्या शिवारात पपईला तोटा नाही.

30 डिसेंबर
मेलबर्नची कसोटी हरलो. जैस्वाल 84 वर होता, स्निकोवर रेघ हलली नाही तरी तिसऱ्या पंचांनी बाद दिलं. स्टाफमध्ये दोन तट. मुख्याध्यापकही तावातावाने बोलायला लागले. वाटीतली खिचडी संपली.

4 जानेवारी 2025
अर्धी भाकरी, शेवभाजीच्या रश्श्यात भिजवून.

6 जानेवारी
अडकली. कोरडा तुकडा होता. ताटावरून उठलो नाही. हिने काही विचारलं नाही, पोराच्या गणिताबद्दल बोलत राहिली. बऱ्याच वेळाने गेला.

14 जानेवारी
तिळगूळ. गोड बोला झालं. जिजीने बाजरीची भाकरी आणि भोगीची उरलेली भाजी वाढली. खाल्ली. उसाचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्याने.

17 जानेवारी
मागच्या गल्लीतले नाना दवाखान्यातून घरी आले. उजवी बाजू गेलीय. काकू सकाळी दारात. "भाऊ, तू आबांचं केलंस. मला दाखव."
गेलो. नानांना उशा लावून ताठ बसवलं. हनुवटी जराशी खाली. चमचा अर्धाच, चांगल्या बाजूने. पातळ पाणी नाही, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं दाट. गिळल्यावर गालात बोट फिरवून बघा, लकव्याच्या बाजूला अन्न साचतं. ठसका आला किंवा आवाज ओला वाटला की थांबा. नंतर अर्धा तास आडवं करू नका. तोंड धुऊन द्या. वहीत लिहून दिलं.
मी दोन चमचे भरवले. मग चमचा काकूंच्या हातात दिला. त्या वाकून नानांच्या कंठाकडे बघायला लागल्या. कंठ वर गेला. काकूंनीही आवंढा गिळला.
"काकू, तुमचं जेवण कधी?"
"यांचं झालं की बघते काहीतरी."
उद्यापासून दुपारी तासभर मी नानांजवळ बसणार. काकूंचं ताट आमच्याकडे, जिजी आणि हिच्याबरोबर. आधी नाही म्हणाल्या. जिजीला पाठवलं बोलवायला.