वेब्लीच्या पुंगळ्या

१९१५ साली ब्रिटिश फौजेत दाखल झालेलं वेब्ली मार्क सहा रिव्हॉल्व्हर. इथे अमेरिकेत त्याची .४५५ची काडतुसं दुकानात क्वचितच दिसतात, म्हणून झाडलेली पितळी पुंगळी मी टाकत नाही; पुन्हा भरतो. आज रात्री एकेक पुंगळी दिव्याखाली फिरवून पाहिली. एकीच्या तोंडाशी केसासारखी बारीक चीर सापडली. ती बाद.

अशी कितीतरी रिव्हॉल्व्हरं पुढे सिलिंडर मागून घासून .४५ एसीपीसाठी करून घेतली गेली. ती काडतुसं सहज मिळतात, एवढ्यासाठी! कारखान्यातल्या त्या काडतुसाचा दाब या जुन्या सिलिंडरला झेपणारा नाही. मला हे मनापासून खुपतं. शंभरी ओलांडलेल्या हत्याराला त्याचीच गोळी द्यावी, दारूही बेताचीच. उरलेल्या पुंगळ्या उद्या धुवायला घेईन.