पहिला रकाना

बोलींचा तौलनिक अभ्यास शिकवताना आपण सामान्यतः एक तक्ता मांडतो. पहिल्या रकान्यात प्रमाण मराठी, पुढील रकान्यांत वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी. ‘मला’ या रूपापुढे वऱ्हाडी ‘मले’ आणि मालवणी ‘माका’ येते. ‘आहे’पुढे अहिराणी ‘शे’ आणि मालवणी ‘आसा’. मांडणी सोयीची आहे, परंतु ती निरपेक्ष नाही. जे रूप पहिल्या रकान्यात बसते ते मूळ ठरते आणि उरलेली सर्व रूपे त्यापासूनची विचलने ठरतात.

वाईसारख्या गावी या मांडणीची अडचण अधिक जाणवते. प्रमाण मराठी देशावरच्या, मुख्यतः पुण्याच्या शिष्टवर्गाच्या भाषेवर उभी राहिली. त्यामुळे साताऱ्याकडची बोली प्रमाणाच्या इतकी निकट मानली जाते की तिला स्वतंत्र रकाना मिळत नाही. वऱ्हाडी ही बोली ठरते. आमच्या पश्चिमेकडील खोऱ्यांतून येणाऱ्या मुलांची भाषा मात्र केवळ ‘अशुद्ध’ ठरते. “सर, आमचं कुठल्या रकान्यात?” असे एका विद्यार्थिनीने मला विचारले होते. प्रश्न साधा असला तरी तो बोलीविज्ञानाच्या मुळाशी जाणारा आहे.

एक उदाहरण पुरेसे व्हावे. ‘करतो आहे’ या रूपाचा संक्षेप शहरी बोलण्यात ‘करतोय’ असा होतो, तर साताऱ्याकडे ‘करतुया’ असा. दोन्हींत कृदन्त आणि सहाय्यक क्रियापद यांचा संयोग आहे, दोन्हींत लिंगभेद टिकून आहे: ‘करतेय’ तशी ‘करतीया’. व्याकरणदृष्ट्या एकाला सहज आणि दुसऱ्याला ग्राम्य म्हणण्यास आधार नाही. तरीही ‘करतोय’ आधुनिक कथेच्या निवेदनात सुखेनैव वावरते आणि ‘करतुया’ अवतरणचिन्हांतच राहते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) गावकरी माणदेशी बोलतात, निवेदक मास्तर मात्र प्रमाण भाषेत सांगतो. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’मध्ये (1971) निवेदनच बोलीत आले. या बदलाचा विचार आपल्या समीक्षेने बहुधा वास्तवदर्शन आणि प्रादेशिकता या अंगाने केला. वस्तुतः जग पाहण्याचा आणि सांगण्याचा अधिकार कोणत्या भाषारूपाला आहे, हा तेथील कळीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे थोडे दुरून पाहण्यासाठी झिम्बाब्वेतील शोना भाषेचा इतिहास उपयुक्त ठरतो. तेथे निरनिराळ्या मिशनांनी आपापल्या परिसरातील बोली ग्रंथबद्ध केल्या: डच रिफॉर्म्ड मिशनने करंगा, जेझुइटांनी झेझुरू, अँग्लिकन आणि मेथॉडिस्टांनी मन्यिका, अमेरिकन बोर्डाने न्दाऊ. 1931 मध्ये भाषाशास्त्रज्ञ क्लेमंट डोक यांनी सरकारला एकीकरणाचा अहवाल सादर केला. व्याकरण मुख्यतः करंगा आणि झेझुरूवर आधारावे, शब्दसंग्रहात मन्यिका आणि न्दाऊलाही स्थान द्यावे, आणि या सर्वांना ‘शोना’ हे एकच नाव असावे, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. कोरेकोरेच्या वाट्याला या शब्दसंग्रहात उपेक्षाच आली. इतिहासकार टेरेन्स रेंजर यांनी 1989 मध्ये दाखवून दिले की ‘मन्यिका’ ही ओळख घडवण्यातही मिशनांच्या ग्रंथभाषेचा वाटा होता. म्हणजे बोलींच्या सीमा अभ्यासकाला केवळ सापडत नाहीत. त्या काही अंशी लेखनातून घडतात.

पुढचा भाग आपल्याला अधिक परिचित वाटेल. डोक यांनी शोनात गणलेली न्दाऊ 2013 च्या झिम्बाब्वेच्या राज्यघटनेत स्वतंत्र भाषा म्हणून नोंदली गेली. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (1905) कोकणीला मराठीची बोली मानले होते; तीच 1992 मध्ये भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत भाषा म्हणून समाविष्ट झाली. या काळात रूपांची तुलना फारशी बदलली नव्हती. तुलना करणारा कोण आणि मापदंड कोणाचा, हे बदलले होते.

याचा अर्थ प्रमाण भाषा नको असा नव्हे. ज्या गावी मराठी विश्वकोशाचे संपादन झाले तेथे राहून तसे म्हणणे अप्रस्तुत होईल. रत्नागिरीच्या आणि गोंदियाच्या वाचकाला एकच नोंद वाचता यावी, यासाठी सामाईक लेखनभाषा हवीच. मात्र सामाईक असणे आणि मूळ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने हाती घेतलेल्या बोली-सर्वेक्षणात एकेका भाषिक वैशिष्ट्याचा प्रसार गावोगावच्या नमुन्यांवरून नोंदवला जातो. अशा नोंदीत ‘करतुया’ हे कशाचेही बिघडलेले रूप राहत नाही. ते अमुक प्रदेशात वापरले जाणारे रूप असते. उत्तरपत्रिकेत प्रमाण लेखनाचा आग्रह धरताना त्याचे कारण सोय हे आहे, शुद्धता नव्हे, एवढे तरी आपण विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगावयास हवे. घरच्या भाषेविषयीची लाज घेऊन जो पदव्युत्तर वर्गात येतो, त्याच्याकडून त्या भाषेचे निरीक्षण होणे कठीण आहे, आणि त्या भाषेचा त्याच्याइतका जवळचा जाणकार आपल्याला दुसरीकडे मिळणार नाही.