येझदीची चिकित्सक आवृत्ती

जुन्या मोटारसायकलींच्या नादी लागलेल्या माणसांत दोन पंथ आहेत. पहिला पंथ पुनःस्थापनेचा. गाडी कारखान्याच्या दारातून ज्या रूपात बाहेर पडली, त्याच रूपात ती परत आणायची. रंगाची छटा, टाकीवरच्या रेघेची जाडी, बोल्टांवरचा मुलामा, सारे काही ‘कंपनीचे’ हवे, ही या पंथाची निष्ठा. दुसरा पंथ रूपांतराचा. जुना सांगाडा आणि जुने इंजिन घ्यायचे आणि त्यांतून आपल्या मनातली गाडी घडवायची. मडगार्ड कापायचे, हँडल बदलायचे, सीट एकाची करायची. हे दोन पंथ एकमेकांकडे ज्या नजरेने पाहतात, ती साहित्याच्या अभ्यासकाला अनोळखी वाटण्याचे कारण नाही. संहितेच्या एका अक्षराला हात लावू न देणारे आणि संहितेला केवळ निमित्त मानणारे, असे दोन्ही प्रकारचे वाचक आपण आपल्या वर्गात आणि चर्चासत्रांत पाहत आलो आहोत.

गेली चार वर्षे मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची १९७४ सालची येझदी २५० उघडून बसलो आहे. या काळात मला जाणवत गेले, की या दोन पंथांच्या भांडणात एक तिसरा पक्ष विसरला जातो. तो पक्ष म्हणजे गाडी वापरणारा माणूस. त्याने वेळोवेळी गाडीत बदल केलेले असतात. ते कारखान्याचे नसतात आणि छांदिष्टाच्या कल्पनेतलेही नसतात. त्या बदलांचे काय करायचे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम ‘मूळ’ या शब्दाकडे पाहू. येझदीच्या बाबतीत तो फार सैल शब्द आहे. फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये प्राग येथे वांडरर या जर्मन कंपनीच्या आराखड्यावरून मोटारसायकली बनवायला घेतल्या आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार झाले. म्हणजे त्या मूळ गाडीचेही आणखी एक मूळ होते. पुढे १९६० मध्ये म्हैसूरला ‘आयडियल जावा’ ही कंपनी स्थापन झाली आणि तीच चेक गाडी भारतात बनू लागली. १९७३ पासून तिला ‘येझदी’ म्हणू लागले. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. ‘जावा’ हे नाव २०१८ मध्ये आणि ‘येझदी’ हे नाव २०२२ मध्ये बाजारात परत आले. पण ती इंजिने फोर-स्ट्रोक आहेत, तेव्हा नाव तेच आणि ग्रंथ निराळा असा तो प्रकार आहे. जर्मन आराखडा, चेक रूप, म्हैसूरचा अवतार अशी ही परंपरा पाहिली, की भाषांतराच्या भाषांतरासमोर बसल्यासारखे वाटते. यातले मूळ कोणते मानायचे?

तरीही यंत्र हातात घेतल्यावर त्याची स्वतःची अशी एक संहिता आहे, हे नाकारता येत नाही. एकच सिलिंडर, ६५ मिलिमीटर व्यास, ७५ मिलिमीटर धाव, आणि एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. टू-स्ट्रोक असल्यामुळे व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली दारे स्वतःच उघडतो आणि झाकतो. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, लिटरला ४० ते ५० मिलिलिटर. तेच इंजिनाचे वंगण. गिअरची दांडी आत दाबून वर फिरवली, की तीच किक होते. गिअर टाकताना हाताने क्लच दाबला नाही तरी चालते, कारण पायाच्या त्याच दाबाने क्लच आतून उचलला जातो. एका अवयवाकडून दोन दोन कामे करून घेण्याची ही काटकसर मला चांगल्या गद्यातल्या काटकसरीसारखी वाटते.

अशा यंत्राची देखभाल हा मुख्यतः वाचनाचा व्यवहार आहे. प्लगचे टोक तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळे आणि ओलसर असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त. पांढरट असेल तर कुठून तरी हवा शिरते आहे. ही हवा बहुधा क्रँकच्या टोकाच्या झिजलेल्या ऑइल सीलमधून येते, आणि मग इंजिन आपले आपण चढ्या आवाजात धावू लागते. कार्ब्युरेटर कितीही साफ केला तरी उपयोग होत नाही. लक्षण एकीकडे आणि कारण भलतीकडे, हे समजायला मला एक अख्खा पावसाळा लागला. पॉइंटमधले अंतर ०.४ मिलिमीटर. पिस्टन सर्वांत वरच्या बिंदूपासून सुमारे ३ मिलिमीटर खाली असताना ते पॉइंट उघडले पाहिजेत. हा क्षण पकडण्यासाठी पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलकेच ओढत राहायचे. कागद सुटला की पॉइंट उघडले. साठ वर्षांपूर्वीचे मिस्त्री हेच करत होते आणि आजही याहून सोपी युक्ती मला ठाऊक नाही.

ही युक्ती मला शिकवली ती आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वृद्ध मिस्त्रींनी. वडील शाळामास्तर. गावात सगळे त्यांना ‘गुरुजी’ म्हणत, मिस्त्रीही म्हणत. सिलिंडर बोअर करायला मी त्यांच्याकडे नेला, आणि नंतर ते स्वतःच आमच्या शेडमध्ये येऊ लागले. सांगाडा खरवडून झाला, तेव्हा वडिलांनी पंचवीसएक वर्षांत केलेले बदल एकेक करून उघडे पडले. टाकीवर कारखान्याच्या रंगावर हिरवा ऑइलपेंट होता, तोही ब्रशने मारलेला. घराच्या खिडक्या रंगवून उरलेला रंग असावा. सीटखाली एक चोरखटका होता, कारण गाडीच्या चावीवर वडिलांचा भरवसा नव्हता. मागे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधण्यासाठी सांगाड्यालाच वेल्डिंग केलेले लोखंडी कॅरियर होते. आणि डाव्या बाजूला, मागे बसणाऱ्याच्या पायाखाली, कंपनीच्या पायदानाच्या जरा वर आणि पुढे, जाड पत्र्याचे एक रुंद पायदान वेल्ड केलेले होते.

या पायदानाचा अर्थ मला लागेना. मी आईला विचारले. ती म्हणाली, “अरे, ते आत्याबाईंसाठी. त्यांचा गुडघा लोंबता ठेवला की दुखायचा. दर पंधरा दिवसांनी मिरजेला दवाखान्यात न्यायचं म्हणजे पाय टेकायला जागा नको?” आत्याबाई म्हणजे माझी आजी. मला ती आठवते ती अंथरुणावरच. तिला गाडीवर मागे बसलेले मी कधी पाहिले नाही. माझ्या जन्माआधीचा तो प्रवास आता फक्त या पत्र्यात उरला होता.

आता प्रश्न उभा राहिला. पुनःस्थापनेच्या पंथाप्रमाणे हे सारे काढून टाकणे हेच कर्तव्य. आपल्या परंपरेत या भूमिकेला मोठा आधारही आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे तीत कोणी आपली ओवी घातली, तर ती अमृताच्या ताटात ठेवलेली नरोटी ठरेल, असे बजावले. त्या न्यायाने आमचे पायदान ही नरोटीच. पण याच परंपरेत राजवाडेही आहेत. १९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची एक वेगळी पोथी प्रसिद्ध केली, ती एकनाथांच्या आधीच्या पाठाची आहे असा त्यांचा दावा होता. तेव्हापासून एकनाथांच्या शुद्धीकरणाकडेही एक ऐतिहासिक घटना म्हणून पाहता येऊ लागले. शुद्ध करणाऱ्याचा हातही अखेर एक हातच असतो.

मला जास्त उपयोग झाला तो भांडारकर संस्थेच्या महाभारताचा. वि. स. सुकथनकर १९२५ मध्ये त्या आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. ते १९४३ मध्ये वारले, आणि काम १९६६ मध्ये पुरे झाले. आपण व्यासांची मूळ संहिता परत मिळवली, असा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे मागे मागे जाता जिथवर पोहोचता येते, तिथवरचा पाठ त्यांनी सिद्ध केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वगळलेला मजकूर त्यांनी फेकून दिला नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत गेला. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा घराघरांत ठाऊक आहे. चिकित्सक आवृत्तीच्या सिद्ध पाठात ती नाही, पण परिशिष्टात आहे. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नाही त्याला पुरावा तपासता यावा, अशी ही व्यवस्था आहे.

मोटारसायकल आणि चिंतन यांची जोडी जमवली की रॉबर्ट पिर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे १९७४ चे पुस्तक आठवणारच. त्यात एक मार्मिक प्रसंग आहे. मित्राच्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल होते, तेव्हा निवेदक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी आत घालायला सुचवतो. पत्रा त्या कामाला उत्तम, पण मित्राला तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. पिर्सिग यांना यात दोन मनोवृत्तींमधला भेद दिसतो: एक वस्तूच्या आतल्या रचनेकडे पाहणारी, दुसरी तिच्या दर्शनी रूपाकडे. आपल्याकडे तो पत्रा घालताना कोणी क्षणभरही थांबले नसते. आपला प्रश्न त्यानंतर सुरू होतो. चाळीस वर्षांनी तो पत्रा सापडतो, तेव्हा तो गाडीचा भाग मानायचा की नाही?

कायद्याने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, आणि अट अशी, की सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत लक्षणीय फेरफार झालेला नसावा. अशी नोंदलेली गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांखेरीज रस्त्यावर आणता येत नाही. नियमामागचा हेतू जुन्या वस्तू जपण्याचा आहे आणि तो स्तुत्य आहे. पण त्यातून सुचणारी ‘मूळ’ची कल्पना मला अस्वस्थ करते. जिचा वापर संपला तीच वस्तू मूळ ठरते. म्हातारीला मिरजेला नेणे हे त्या यादीत बसत नाही.

मिस्त्रींना मी विचारले, काय काय काढायचे? ते म्हणाले, “गुरुजींनी ह्यातलं काय हौसेनं केलंय आन काय गरजेनं, ते बघा. हौसेचं काढा, गरजेचं ऱ्हाऊ द्या.” नियम सोपा आहे, पण तो पूर्णपणे लावता येत नाही. हिरवा रंग हौस होती की गंज थांबवण्याची गरज, हे कसे ठरवणार? उलट कॅरियर नक्कीच गरजेचे होते; पण त्याच्या वेल्डिंगच्या जागी सांगाड्याच्या नळीला तडा गेला होता. ते तसेच ठेवले असते तर गाडी चालवणाऱ्याच्या जिवाला धोका होता. कॅरियर कापावे लागले. कापताना मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

अखेरीस मी तीन प्रकार केले. जे केवळ झिजले किंवा अज्ञानाने बिघडले, ते लेखनिकाचे प्रमाद: चुकीच्या आट्यांचा ठोकून बसवलेला बोल्ट, जळलेल्या वायरींचे गाठोडे. ते निःसंकोच दुरुस्त केले. काही बदल आजच्या वाचकासाठी अटळ होते. सध्याच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यात जुन्या रबरी नळ्या आणि सील टिकत नाहीत. पुण्याच्या नाना पेठेतून नव्या आणून घातल्या. तिसरा प्रकार हेतुपूर्वक केलेल्या प्रक्षेपांचा. त्यांतले चोरखटका आणि पायदान ठेवले, कॅरियर आणि हिरवा रंग गेला. टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हिरव्याचा तळहाताएवढा तुकडा राहू दिला आहे. सांगाड्याला वेल्ड केलेले पायदान असताना व्हिंटेज नोंदणी मिळेल की नाही, हा प्रश्न मी अधिकाऱ्यांपुढे नेला नाही. नेहमीचीच नोंदणी पाच पाच वर्षांसाठी वाढवत राहायचे ठरवले.

शेडमधल्या फळीवर एक वही आहे. तिच्यात प्रत्येक काढलेल्या भागाची नोंद केली आहे: काय होते, कुठे होते, कशाने जोडले होते, का काढले, आणि कोणाच्या सांगण्यावरून. आईने सांगितलेली पायदानाची हकीकत तिच्याच शब्दांत उतरवून घेतली आहे. कापलेले कॅरियर ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे, वहीत त्याचा क्रमांक ७ आहे. पुढे ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला माझे निर्णय पटतीलच असे नाही. त्याला कदाचित पायदान कुरूप वाटेल, किंवा मी हिरवा रंग घालवला याचा राग येईल. तेव्हा त्याच्यापुढे केवळ माझी गाडी असू नये, मी वगळलेले पाठही असावेत, एवढ्यासाठी ही वही.