गाडी गिअर मागते

इंजिन एकदा सुरू झालं की त्याला स्वस्थ बसता येत नाही. गाडी सिग्नलला उभी असली तरी ते मिनिटाला सातशे-आठशे फेरे घेतच राहतं, आणि त्याहून फार खाली आलं तर बंद पडतं. चाकांना मात्र दर वेळी शून्यापासून निघायचं असतं. इकडे आधीपासून धावाधाव, तिकडे अजून जागही नाही. या दोहोंची गाठ घालून द्यायचं काम डाव्या पायाखालच्या क्लचकडे. गिअरची गाडी शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी हा डावा पाय शिकणं.

पेडल दाबलं की इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली क्लच प्लेट सुटी होते. पाय उचलत नेला की ती फिरत्या फ्लायव्हीलला टेकते, आधी घसरते, मग थोडी धरते, मग घट्ट धरते. ते घसरणं फार मोलाचं आहे. प्लेट एकदम धरली तर गाडी धक्का खाऊन बंद पडते; घसरतच राहिली तर तापते आणि जळका वास येतो. मधल्या त्या चिंचोळ्या जागेला ड्रायव्हर हाफ क्लच म्हणतात. तिथं पाय पोचला की इंजिनाचा आवाज किंचित बसतो, बॉनेट जरासं वर येतं, स्टिअरिंगमधून बारीक थरथर तळहातात उतरते. ही जागा डोळ्यांना दिसत नाही आणि कुणी सांगून कळत नाही. पायाला ती एकदा कळली की मग आयुष्यभर कळते.

मी चाळिशी ओलांडल्यावर शिकले. आई सासवडला एकटी, मी हडपसरला, आणि मध्ये दिवेघाट. रात्री-अपरात्री फोन आला तर कुणाची वाट बघत बसायला लागू नये, एवढंच मनात होतं. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मारुती ८००, चार गिअरची. शेजारी बसणाऱ्या सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेकची जादा जोडी. सर मितभाषी. क्लच सोडताना मात्र हटकून म्हणत, “मॅडम, घाई नको. गाडी आपणहून निघेल.” आणि ती निघायची. सपाट रस्त्यावर, ॲक्सिलरेटरला पायही न लावता, झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगानं.

त्यामागचं गणित मला पुढे कळलं. पहिल्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा होईपर्यंत छोट्या गाडीच्या इंजिनाचे चौदा-पंधरा फेरे होतात. वेग सोडायचा आणि जोर घ्यायचा, हा पहिल्या गिअरचा व्यवहार. पुढचा प्रत्येक गिअर थोडा जोर परत करून वेग घेतो. आषाढी वारीत माउलींचा रथ दिवेघाट चढतो तेव्हा नेहमीच्या बैलजोडीपुढे आणखी जोड्या जुंपतात. बैल वाढवता येतात, इंजिन वाढवता येत नाही. म्हणून खालचा गिअर.

घाटातच मला गाडी खऱ्या अर्थानं समजली. अर्ध्या चढावर पुढचा ट्रक थांबतो, मागे एसटी येऊन उभी राहते, खाली मस्तानी तलाव दिसत असतो. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला. गाडी मागे सरकेल या भीतीनं डावा पाय झटकन उचलावासा वाटतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. आवाज बसेपर्यंत वाट बघायची, थोडी रेस द्यायची, मग हँडब्रेक सोडायचा. गाडी जागच्या जागी तोलून उभी राहते. चढ तिला मागे ओढतोय, इंजिन पुढे ओढतंय, आणि माणसांसकट सात-आठशे किलोंचा भार एका पावलाच्या अंदाजावर आहे. भीती जात नाही, पण ती पायापर्यंत पोचत नाही. हे मला दुसऱ्या कुठल्याच शिक्षणानं दिलेलं नाही.

ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, असं जुने ड्रायव्हर सांगतात. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चाकांना आवरू शकत नाही. सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटर सोडलेला असला, की इंजिनाला जाणारं इंधन तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावंच लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही.

लहानपणी याच घाटात एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा मिळावी म्हणून मी धडपडायचे. तो लांब, थरथरता दांडा आणि क्लचवर दोनदा पडणारा पाय. क्लच दाबून न्यूट्रल, सोडून रेस, पुन्हा दाबून खालचा गिअर. त्याला डबल क्लच म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दात्यांचे वेग तो माणूस कानानं जुळवत होता. मोटारींमध्ये हे काम १९२८ साली कॅडिलॅकनं आणलेल्या सिंक्रोमेशनं गिअरबॉक्सकडे सोपवलं. जड वाहनांत डबल क्लच पुढेही बराच काळ राहिला. ऐकणं मात्र आपल्याकडेच उरलं. “ऐका मॅडम, गाडी सेकंड मागतेय,” सर म्हणत, आणि खरंच, घुसमटलेल्या इंजिनाचा आवाज माझ्या कानाला आधी कळू लागला, काट्याकडे बघण्याची गरज नंतर संपली.

२०१४च्या जानेवारीत मारुती ८००चं उत्पादन थांबलं, आणि पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीची सेलेरिओ आपोआप गिअर बदलणारी सोय घेऊन आली. आता विजेच्या गाड्या आल्या आहेत. विजेची मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर देते, तिला क्लच लागतच नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, जे रोज कोंडीत तासन्‌तास अडकतात, त्यांनी त्या जरूर घ्याव्यात; आईची तब्येत बघता उद्या मीही घेईन.

पण तुमच्या घरात कुणी अठरा वर्षांचं होत असेल, तर एवढं करा. पुढे गाडी कुठलीही घ्या, शिकू द्या गिअरच्या गाडीवर, गिअरच्या गाड्या अजून सहज मिळताहेत तोवर. रेडिओ बंद ठेवा, शेजारी बसा आणि गाडी बंद पडली तर ओरडू नका. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. पुन्हा किल्ली फिरवायला सांगा.